धांवणाऱ्याच्या मागें

आमच्या घरांत पहांटे कोणी तरी उठण्याची रीत तीन पिढ्यांची आहे. आजोबा साडेचारास उठून विहिरीवर स्नान करीत व सूर्योदयापूर्वीं त्यांची संध्या आटोपलेली असे. वडील त्याच वेळीं काठी घेऊन पर्वतीच्या वाटेस लागत. आणि गेलीं आठ वर्षें त्याच प्रहरीं जिन्यांत बुटांचे बंद आवळले जात, ते आमच्या पुतण्याच्या हातून. चाळीस वर्षांपूर्वीं वाडा जाऊन त्या जागीं चार मजली इमारत उभी राहिली. तिच्या निरनिराळ्या मजल्यांवर आम्हां भावांचीं बिऱ्हाडें आहेत. पण स्वयंपाक एकत्र होतो, आणि एकाचें पथ्य सर्वांस ठाऊक असतें. निदान आमची तशी समजूत होती. सर्वांस ठाऊक असावयास हवी होती अशी एक गोष्ट आम्हीं सत्तावीस वर्षें कशी झांकून ठेविली, आणि एका अनोळखी गृहस्थांच्या मृत्यूनें ती कशी उघडी पडली, ही हकीकत सांगण्यासाठीं आज लेखणी हातीं घेतली आहे.

धांवणें हें परदेशी खूळ आहे असें आमच्या घरांत कोणी कधीं म्हटलें नाहीं. लहानपणीं आजोबांच्या तोंडून आम्हीं डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींच्या गोष्टी पुष्कळ ऐकल्या होत्या. तेथें अनवाणी धांवणारीं शेतकऱ्यांचीं मुलें पाहून सर दोराबजी टाटा यांनीं ऑलिंपिकास हिंदी खेळाडू पाठविण्याचें मनावर घेतलें, आणि १९२० सालीं अँटवर्प येथें बेळगांवकडचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन पुरी करून १९ वे आले, हें सांगतांना आजोबा मांडी मोडून ताठ बसत. तेव्हां पुतण्यानें धांवण्यास आरंभ केला, त्या वेळीं आम्हां सर्वांस कौतुकच वाटलें. कौतुकाच्या खालीं आमच्या मनांत आणखीहि कांहीं होतें. तें आम्ही बोललों नाहीं.

गेल्या दिवाळीनंतर तो एका शर्यतीचा अर्ज भरीत होता. आम्ही शेजारीं चहा घेत बसलों होतों. अर्जांत एक प्रश्न होता : कुटुंबांत कोणास अकालीं हृदयविकार झाला आहे काय, अथवा कोणी एकाएकीं वारलें आहे काय? पुतण्यानें क्षणाचाहि विलंब न लावतां 'नाहीं' असें लिहिलें. आम्हीं तें पाहिलें व चहाचा पेला पुन्हां तोंडास लावला.

त्याचे वडील, म्हणजे आमचे थोरले बंधु, दादा, १९९८ सालीं वयाच्या ४४ व्या वर्षीं हृदय बंद पडून गेले. पुतण्या तेव्हां सात वर्षांचा होता. वडील माणसांनीं एकत्र बसून ठरविलें कीं, पोराच्या डोक्यावर ही छाया नको; 'दादा तापानें गेले' असें त्यास सांगावें. पुढें तो मोठा झाला, शिकला, त्याच्या लग्नाचें बोलणें सुरू झालें, तेव्हां तर खरें सांगणें अधिकच अवघड होऊन बसलें. दादांच्या आधीं आमचे एक काका ४९ व्या वर्षीं कचेरींत खुर्चीवर बसल्या जागीं गेले होते. दादांच्या वेळीं आलेल्या डॉक्टरांनीं आम्हांस बाजूस घेऊन बजाविलें होतें कीं, हें रक्तांत दिसतें, मुलें मोठीं झालीं म्हणजे त्यांस तपासून घ्या. आम्हीं स्वतःस तपासून घेतलें. गेलीं पंधरा वर्षें रात्रीं जेवणानंतर आम्ही कोलेस्टेरॉलची गोळी घेत आहों. ती कशाची, असें पुतण्यानें एकदां विचारलें असतां 'वयाची' असें उत्तर देऊन आम्हीं विनोद साधला होता.

शर्यत पौषांत एका रविवारीं झाली. गांवाचें अथवा ती भरविणाऱ्यांचें नांव सांगण्याचें येथें प्रयोजन नाहीं. अंतर अर्ध्या मॅरेथॉनचें, २१ किलोमीटरांचें होतें. शेवटच्या रेषेपाशीं आम्ही, आमच्या सौभाग्यवती व वहिनी असे तिघें फुलांचा पुडा घेऊन उभे होतों. ठरलेली वेळ टळून वीस मिनिटें झालीं तरी तो दिसेना. अखेर तो चालत आला. कोणी तरी गळ्यांत पदक घातलें; तें काढून त्यानें खिशांत टाकलें आणि "घरीं चला" एवढेंच म्हणाला.

काय घडलें तें रात्रीं उशिरा समजलें. त्याच्या पुढें दहा पावलांवर निळ्या सदऱ्यांतील एक पन्नाशीचे गृहस्थ धांवत होते. बारा किलोमीटर तो त्यांच्याच पाठीकडे पाहत, त्यांच्याच गतीनें आला होता. एक शब्दहि न बोलतां सोबत जडली होती. शेवटच्या किलोमीटरांत ते गृहस्थ न ठेंचाळतां, हात पुढें न करतां, एकदम कोसळले. पुतण्या थांबला. त्यानें त्यांचें डोकें मांडीवर घेतलें. मधून मधून घोरल्यासारखा एखादा श्वास येई, त्यावरून घेरी आली आहे, शुद्धीवर येतील, असें भोंवतालच्या सर्वांस वाटलें. कोणी पाणी शिंपडलें, कोणी तळवे चोळले, कोणी कांदा आणावयास धांवलें. सहा-सात मिनिटांनीं मागून येणारी एक परिचारिका गर्दी सारून पुढें झाली व तिनें छाती दाबण्यास आरंभ केला. मग रुग्णवाहिका आली. त्यांस वांचवितां आलें नाहीं.

मरण एकाचें होतें, पण तें किती जणांच्या घरीं गेलें याचा हिशेब आम्हांस पुढील महिन्यांत लागला. पुतण्या ठरल्या वेळीं जागा होई, पलंगाच्या कडेवर बसे, आणि दोन बोटें मनगटावर ठेवून घड्याळाकडे पाहत राही. त्याच्या टेकडीवरच्या मंडळींत वीस-बावीस जण होते. ते गृहस्थहि अधूनमधून तेथें येणारे होते असें मागाहून कळलें. पुढच्या रविवारीं निम्मे आले आणि कोणीच धांवलें नाहीं. उभ्या उभ्या बोलून परतले. एकाचे बूट पत्नीनें माळ्यावर टाकले. दुसरा, जणूं कांहीं झालेंच नाहीं अशा हट्टानें, रोज दुप्पट धांवूं लागला. तिसऱ्यानें शर्यतीच्या आरंभीं त्या गृहस्थांची 'आज आम्हांस गांठा पाहूं' म्हणून थट्टा केली होती. तो कोणाशीं बोलेनासा झाला. शेजारपाजारचे लोक मात्र उत्साहांत होते. ज्यांनीं आयुष्यांत बस गांठण्यापुरतेंहि धांवून पाहिलें नव्हतें, ते 'आम्ही म्हणतच होतों' असें म्हणत जिना चढून येत आणि वर येईपर्यंत धापा टाकीत. आईनें सांगितलें, देवानें पाय चालावयास दिले आहेत. वहिनी कांहीं बोलत ना. त्यांच्या न बोलण्याचा अर्थ घरांत फक्त आम्हांस कळत होता. आणि आम्हीं, खरें कारण पोटांत ठेवून, "आतां पुरे झालें" असा निकाल दिला.

निकाल दिला खरा, परंतु मन स्वस्थ होईना. म्हणून त्या दिवसांत आम्ही या विषयावरचीं पुस्तकें व वैद्यकीय लेख चाळीत बसलों. प्रथम एक गोष्ट समजली ती अशी कीं, धांवणें आणि मरणें यांची जी सांगड लोकांच्या मनांत बसली आहे ती मुळांत एका कथेनें घातली आहे. ख्रिस्तपूर्व ४९० मध्यें मॅरेथॉनच्या रणांगणावरून अथेन्सपर्यंत धांवत जाऊन, जयाची वार्ता सांगून प्राण सोडणारा दूत सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्या युद्धाचा जुना इतिहासकार हिरॉडोटस यास हा मृत्यु ठाऊक नाहीं. त्याचा दूत मदत मागण्यास स्पार्टापर्यंत धांवतो, आणि त्याच्या मरणाचा उल्लेखहि तेथें नाहीं. मरणाची कथा पांचशें वर्षांहून अधिक काळ लोटल्यावरच्या लेखकांत आढळते.

खरे मृत्यु मात्र आहेत, आणि त्यांतील एकानें आमची झोंप उडविली. अमेरिकेंत जिम फिक्स या नांवाचे लेखक होते. १९७७ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या धांवण्याविषयींच्या पुस्तकाच्या दहा लाखांवर प्रती खपल्या आणि असंख्य बैठी माणसें त्यामुळें रस्त्यावर आलीं. २० जुलै १९८४ रोजीं व्हरमाँट प्रांतांत रोजच्याप्रमाणें धांवत असतांना ते रस्त्याच्या कडेस मृत होऊन पडले. वय ५२. आळशी लोकांस त्या दिवशीं जो आनंद झाला तो त्या काळच्या विनोदांत नमूद आहे. परंतु शवविच्छेदनांत आढळलें तें असें : हृदयास रक्त पुरविणाऱ्या तीन वाहिन्यांपैकीं एक शेंकडा ९५, दुसरी ८५ व तिसरी ७० इतकी बुजलेली होती. त्यांच्या वडिलांस ३५ व्या वर्षीं हृदयविकाराचा झटका आला होता व ४३ व्या वर्षीं ते वारले होते. फिक्स स्वतः पस्तिशीपर्यंत दिवसास दोन पाकिटें सिगारेटी ओढीत आणि त्यांचें वजन शंभर किलोंच्या घरांत होतें. डॉ. केनेथ कूपर यांच्या डलास येथील संस्थेंत १९८३ च्या अखेरीस ते गेले असतां, पट्ट्यावर चालवून हृदयाची परीक्षा करण्याची सूचना त्यांनीं मानली नाहीं. वडिलांपेक्षां नऊ वर्षें ते अधिक जगले, तेव्हां धांवण्यानें त्यांस मारलें असें म्हणणें अन्यायाचें होईल. पण रक्तांतील वारसा पायांच्या बळावर फिटतो, ही त्यांची समजूत खोटी ठरली. त्यांस निदान आपल्या वडिलांची हकीकत ठाऊक होती. आमच्या पुतण्यास तीहि ठाऊक नव्हती.

चाळिशीपुढच्या धांवणाऱ्यांत बहुधा हेंच कारण असतें. तरुणांत तें निराळें असतें : हृदयाचा स्नायु जन्मतः जाड असणें, किंवा ठोक्यांच्या लयींत उपजत दोष असणें. ३ नोव्हेंबर २००७ रोजीं न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्यें ऑलिंपिकच्या निवडीची मॅरेथॉन चालू असतां रायन शे हा २८ वर्षांचा नामांकित धांवपटु नवव्या किलोमीटरच्या सुमारास कोसळून वारला. लग्नास चार महिने झाले होते. हृदय मोठें असल्याचें त्यास लहानपणापासून ठाऊक होतें. तो पडला तेव्हां पुढचे पुढें धांवतच राहिले. ज्या मित्रांनीं त्या दिवशीं ऑलिंपिकची जागा मिळविली, त्यांस आनंदाच्या पाठोपाठ ही वार्ता ऐकावी लागली.

असे प्रसंग किती घडतात? अमेरिकेंतील डॉक्टरांनीं २००० ते २०१० या काळांतील मॅरेथॉन व अर्ध्या मॅरेथॉनच्या १ कोटि ९ लाख धांवणाऱ्यांचा हिशेब मांडला. त्यांत ५९ जणांचें हृदय बंद पडलें व ४२ वारले; बहुतेक प्रसंग शेवटच्या चतुर्थांशांत घडले. पुन्हां २०१० ते २०२३ या वर्षांचा हिशेब झाला. या वेळीं धांवणारे २ कोटि ९० लाखांवर होते. हृदय १७६ जणांचें बंद पडलें, परंतु वारले ५९. म्हणजे हृदय बंद पडण्याचें प्रमाण जवळजवळ तेंच राहिलें, आणि पडलेल्यांपैकीं मरणाऱ्यांचें प्रमाण शेंकडा ७१ वरून ३४ वर उतरलें. अंतर तेंच, माणसेंहि तशींच. बदल झाला होता तो भोंवती उभे असणाऱ्यांत. छाती दाबणारे हात व विजेचा धक्का देणारें यंत्र आतां लवकर पोंचत होतें. हे आंकडे वाचून आम्हीं चष्मा काढून ठेविला. पुतण्यास हे दाखवावे कीं दाखवूं नयेत, हें आम्हांस कळेना.

तेराव्यानंतर आठवड्यानें पुतण्यानें त्या गृहस्थांच्या घरीं जाण्याचें ठरविलें व आम्हांस बरोबर येण्याची विनंति केली. दारांत त्यांचे जुने बूट तसेच होते. त्यांच्या पत्नी बाहेर आल्या, बसल्या, आणि इतकेंच विचारलें :

"शेवटीं ते एकटे होते का?"

"नाहीं, काकू. त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं."

त्यांनीं डोळ्यांस पदर लावला. पुतण्या खालीं पाहून म्हणाला, "मला काय करायचं तें ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर—" त्यांनीं त्यास पुढें बोलूं दिलें नाहीं. त्या म्हणाल्या, "चौदा वर्षं रोज सकाळी ते हंसत घरीं यायचे. आतां भेटायला येणारा जो तो सांगतो, धांवायला नको होतं. मग तीं चौदा वर्षंहि नको होतीं का?" यावर आम्ही दोघेहि निरुत्तर झालों. चहा घेतल्यावांचून त्यांनीं आम्हांस उठूं दिलें नाहीं.

परत आलों तेव्हां संध्याकाळ झाली होती. जिन्याच्या दुसऱ्या वळणावर पुतण्या एकाएकीं पायरीवर बसला व म्हणाला, "काका, सात मिनिटं मी नुसता पाणी मारीत बसलों."

आम्हीहि त्याच्या शेजारीं बसलों. ती जागा आम्हीं निवडली नव्हती. पण त्याच वळणावर, त्याच पायरीवर, सत्तावीस वर्षांपूर्वीं दादा भाजीची पिशवी घेऊन वर येतां येतां बसले होते. आम्हीं त्यास सर्व सांगितलें : ताप नव्हता, काकांचें काय झालें, डॉक्टर काय म्हणाले, आमची गोळी कशाची.

तो बराच वेळ गप्प होता. मग त्यानें विचारलें, "तेव्हां बाबांची छाती कोणी दाबली?"

"कोणी नाहीं. आम्हीं त्यांचें डोकें मांडीवर घेतलें, आणि पाणी शिंपडीत बसलों. डॉक्टर येईपर्यंत."

इतक्या वर्षांत हें वाक्य आम्हीं कोणापाशीं उच्चारलें नव्हतें, स्वतःपाशींहि नाहीं. पुतण्यानें आमच्या गुडघ्यावर हात ठेविला. आम्ही त्याचें समाधान करावयास बसलों होतों; झालें तें उलटें. वरच्या दारांत वहिनी उभ्या होत्या. त्यांनीं सर्व ऐकलें होतें. आम्हांस वाटलें, त्या रागावतील. त्या दोन पायऱ्या उतरून आल्या आणि मुलास म्हणाल्या, "माझं चुकलं. वर चल, जेवून घे. उद्यां डॉक्टरांकडे जाऊं."

डॉक्टरांकडे गेलों. छातीवरून यंत्र फिरवून हृदयाचें चित्र घेतलें, पट्ट्यावर चालविलें, रक्त तपासलें. हृदयाची ठेवण चांगली निघाली. रक्तांतील वाईट कोलेस्टेरॉल मात्र त्याच्या वयास अजिबात न शोभणारें, उपजत वाढलेलें निघालें. डॉक्टर म्हणाले, हें सांपडलें हें चांगलें झालें. यावर औषध आहे, आणि दादांच्या वेळीं होतें त्याहून पुष्कळ चांगलें आहे. परीक्षा निर्दोष उतरली म्हणजे अभयपत्र मिळालें असें समजूं नका, असेंहि त्यांनीं बजाविलें : धांवतांना छातीवर दाब येणें, कारणावांचून घेरी येणें, नेहमींच्या चढावर दम लागणें, यांपैकीं कांहीं झाल्यास त्याच पावलीं थांबावयाचें. ज्वर अंगांत असतांना धांवावयाचें नाहीं. मग आम्हीं भीत भीत विचारलें, धांवणें बंद करावयाचें ना? ते हंसले. कष्टाच्या त्या घटकेपुरता धोका किंचित् वाढतो हें खरें. परंतु ज्याची रोजची संवय आहे त्याचा एकंदर धोका बैठ्या माणसाहून कमीच असतो. तीन महिने औषध घेऊं द्या, मग हळूहळू सुरू करूं द्या, असें त्यांनीं सांगितलें. आणि आमच्या पोटाकडे पाहून, तुम्हीहि निदान चालावयास लागा, अशी पुस्ती जोडली.

त्यानंतरच्या रविवारीं दिवाणखान्यांत जो प्रकार झाला तो पाहून परक्या माणसास आमच्या डोक्याविषयीं शंका आली असती. पुतण्यानें त्या परिचारिकेचा शोध काढून तिला घरीं बोलाविलें होतें. बैठकीवरचा लोड सतरंजीवर आडवा ठेवून तिनें आम्हां सर्वांस एकेक करून शिकविलें. हलवून हांक मारल्यावर माणूस ओ देत नाहीं आणि नीट श्वास घेत नाहीं, एवढें दिसलें कीं पुरे. अधूनमधून येणारी घोरल्यासारखी धाप हा श्वास नव्हे. एकानें १०८ वर फोन करावयाचा, दुसऱ्यानें छातीच्या मध्यावर तळहातावर तळहात ठेवून, कोंपर ताठ धरून, सुमारें पांच सेंटिमीटर खोल, मिनिटास १०० ते १२० वेळां दाबावयाचें, आणि मदत येईपर्यंत थांबावयाचें नाहीं. ज्या प्रत्येक मिनिटांत कोणी कांहीं करीत नाहीं, त्या मिनिटागणिक वांचण्याची आशा शेंकडा सात ते दहांनीं उणी होते. वहिनींनीं लोडावर हात ठेविले तेव्हां खोलींत कोणी बोलेना. त्यांनीं शंभर वेळां दाबलें, घाम पुसला, आणि पुन्हां हात ठेविले. आई खुर्चीवर बसून जपाच्या संवयीनें मोजीत होती. तिचा एकहि आंकडा चुकला नाहीं.

वाचकांच्या घरींहि अशी एखादी झांकलेली गोष्ट असेल. कोणी 'तापानें' गेलें असेल, कोणी 'दृष्ट लागून'. मुलांवर छाया पडूं नये म्हणून आपण ती झांकतों, आणि मुलें त्याच छायेंत, न कळत, धांवत राहतात. मरण टाळणें आपल्या हातीं नाहीं. पण तें घरांत कोणत्या वाटेनें येतें हें पुढच्या पिढीस सांगणें आपल्या हातीं आहे.

आतां पहांटे साडेचारास जिन्यांत दोन जोड बुटांचा आवाज होतो. पुतण्या पुढें निघून जातो. आम्ही मागून चालत टेकडीच्या पायथ्यापर्यंत जातों व तो उतरून येईपर्यंत थांबतों. ते गृहस्थ जेथें जेथें धांवत त्या वाटा तो अजून टाळतो. आम्ही त्याविषयीं विचारीत नाहीं.

गेल्या आठवड्यांत त्यानें पुन्हां एक अर्ज भरावयास घेतला. शर्यत लहान, दहा किलोमीटरांची आहे. तोच प्रश्न आला. या वेळीं आम्हीं पेला खालीं ठेविला. त्यानें आमच्याकडे पाहिलें नाहीं. सावकाश लिहिलें : 'होय. वडील, वय ४४. चुलत आजोबा, वय ४९.' आणि मग विचारलें, "काका, तुमचंहि लिहूं ना?"

आम्हीं म्हटलें, "लिही."